यजमानाचं गवत

२०२५च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक या गोल्फ कोर्सवर युरोपने अमेरिकेला १५–१३ असं हरवून रायडर कप, म्हणजे या दोघांमधली पुरुषांची सांघिक गोल्फ स्पर्धा, राखला. त्यानंतर बरेच दिवस चर्चा चालली ती प्रेक्षकांचीच. त्यांची भाषा, त्यांचे आवाज, युरोपचा रॉरी मॅकिलरॉय चेंडू मारायला उभा असताना मुद्दाम केलेला गोंगाट. हे सगळं घडलं आणि ते वाईटच होतं. पण घरच्या मैदानाचा फायदा किती असतो हे शोधायचं असेल, तर दोरीबाहेरच्या माणसांपेक्षा दोरीआतल्या गवताकडे पाहिलेलं बरं.

आधी नुसता हिशेब मांडू. १९८५पासून आजवर २० रायडर कप झाले, १० अमेरिकेत आणि १० युरोपात. यजमान १३ वेळा जिंकले, पाहुणे ६ वेळा, आणि १९८९ साली बेल्फ्रीवर १४–१४ अशी बरोबरी झाली. एवढं वाचून कुणीही म्हणेल की यजमानाचं पारडं जड आहे. आता तेच आकडे देशावार फोडून पाहा. युरोपने आपल्या घरी १० पैकी ८ जिंकले, १ बरोबरीत सुटला आणि १९९३चा एकच गमावला. अमेरिकेने आपल्या घरी ५ जिंकले आणि ५ गमावले. म्हणजे अमेरिकेला घरी खेळल्याचा फायदा जवळजवळ झालेलाच नाही. जो काही फायदा दिसतो, तो युरोपच्या खात्यात जमा आहे.

प्रेक्षकांच्या आवाजाने सामने जिंकता येत असते तर चित्र नेमकं उलटं दिसलं असतं. अमेरिकेतली गर्दी कुणाच्याही गर्दीपेक्षा जास्त आवाज करते. मग हा एकतर्फीपणा आला कुठून?

याचं उत्तर खेळाडूंच्या पत्त्यांत आणि त्यांच्या वर्षभराच्या वेळापत्रकात आहे. बेथपेजच्या युरोपीय संघातला व्हिक्टर होवलँड ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून कॉलेज गोल्फ खेळला. लुडविग ओबर्ग टेक्सास टेककडून, सेप स्ट्राका जॉर्जिया विद्यापीठाकडून, जॉन राम अ‍ॅरिझोना स्टेटकडून, रॉबर्ट मॅकिन्टायर लुइझियानातल्या मॅकनीस स्टेटकडून. बाकीच्यांपैकी बहुतेकांचा हंगाम पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतच जातो. यांच्यासाठी अमेरिकन गवत, तिथली ग्रीनची (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताची) गती, उंच जाऊन थबकणारे आयर्न फटके हे सगळं रोजचं काम आहे. ते पाहुणे असतात ते कागदावर.

उलट अमेरिकन खेळाडू युरोपात येतो तो मुख्यतः जुलैमध्ये, स्कॉटिश ओपन आणि ओपन चॅम्पियनशिपच्या पंधरवड्यात. ते असतं समुद्रकाठचं लिंक्स गोल्फ. कडक, वाळवट जमीन, वारा, घरंगळणारा चेंडू. रायडर कप मात्र युरोपात बहुधा आतल्या भागातल्या हिरव्या, झाडं आणि तळी असलेल्या कोर्सवर होतो. जुलैमधला तो अनुभव सप्टेंबरात फारसा उपयोगी पडत नाही. त्यामुळे अंतर एकाच बाजूचं आहे. युरोपीय माणूस अमेरिकेला ओळखतो, अमेरिकन माणूस युरोपला तेवढं ओळखत नाही.

ही ओळख इतकी मोलाची का ठरते हे समजायला यजमानाच्या हातात नेमकं काय असतं ते पाहायला हवं. फेअरवे (मधला कापलेला पट्टा) किती रुंद ठेवायचे, रफ (त्याच्या कडेचं लांब गवत) किती वाढवायचं, ग्रीन किती वेगवान ठेवायची, यावर यजमान कर्णधाराचा शब्द चालतो. शुक्रवारी-शनिवारी सकाळी फोरसम (जोडीत एकच चेंडू) खेळायचं की फोरबॉल (प्रत्येकाचा स्वतःचा चेंडू), हेही तोच ठरवतो. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे एक यंत्रणा आहे आणि ती समजली की निकाल बऱ्यापैकी उलगडतात.

ग्रीनची गती स्टिंपमीटरने मोजतात. ही ३६ इंच लांबीची, मधे पन्हाळ असलेली धातूची पट्टी. वरच्या बाजूच्या खाचेत चेंडू ठेवून पट्टीचं ते टोक हळूहळू उचलायचं. साधारण २० अंशांना चेंडू आपोआप सुटतो आणि ग्रीनवर घरंगळत जातो. तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने सोडून त्यांच्या अंतराची सरासरी फुटांत काढली की ती गती. अमेरिकन टूरवर १२-१३ फूट ही नेहमीची गोष्ट. युरोपातल्या यजमानांनी ती बरेचदा १०-११च्या आसपास ठेवलेली आहे. दोन फुटांचा फरक कानाला किरकोळ वाटतो. पण मंद ग्रीनवर चेंडू कमी वळतो आणि जोर जास्त लागतो. १२-१३च्या गतीवर वर्षभर पटिंग करणाऱ्याचे (ग्रीनवरून होलकडे चेंडू ढकलणाऱ्याचे) हात आपोआप हलका फटका मारतात आणि डोळे आपोआप जास्त वळण पाहतात. आठ फुटांचा पट मग होलच्या वरच्या कडेने निघून जातो किंवा अर्धा फूट अलीकडे थांबतो. ही सवय सोमवार ते गुरुवारच्या सरावात मोडत नाही. दडपणाखाली तर मुळीच नाही.

रफचं काम वेगळं. लांब गवतातून फटका मारताना क्लबचा पृष्ठभाग आणि चेंडू यांच्यामध्ये पाती अडकतात. चेंडूला फिरकी कमी मिळते, कधी तो अपेक्षेपेक्षा दहा-पंधरा यार्ड पुढे उडतो आणि ग्रीनवर पडल्यावर थांबत नाही. ग्रीन कडक असेल तर रफमधून आलेला चेंडू मागे पार निघून जातो. ग्रीन मऊ असेल तर तोच चेंडू थबकतो आणि रफची शिक्षा निम्मी होते. म्हणून रफ आणि ग्रीनचा कडकपणा यांचा विचार एकत्र करावा लागतो. एकच बदलून भागत नाही, आणि बेथपेजला नेमकं इथंच चुकलं. त्याकडे येतोच.

या सगळ्याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे २०१८ साली पॅरिसच्या बाहेर, व्हर्सायजवळ ले गोल्फ नॅशनलवर झालेला रायडर कप. तिथल्या अल्बाट्रॉस कोर्सवर फेअरवे अरुंद ठेवले होते आणि बाजूचं रफ इतकं दाट की चुकलेला ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) म्हणजे बहुतेक वेळा फक्त बाहेर काढण्याचा फटका. अमेरिकेचा संघ त्या वेळच्या लांबच लांब मारणाऱ्यांनी भरलेला. शुक्रवारी सकाळी फोरबॉलमध्ये ते ३–१ पुढे गेले. फोरबॉलमध्ये प्रत्येकाचा स्वतःचा चेंडू असतो, एक रफमध्ये गेला तरी जोडीदार सांभाळतो. दुपारी फोरसम सुरू झालं आणि युरोपने चारही सामने घेतले. शेवटी १७½–१०½.

इथं ओळखीचा भाग पाहा. फ्रेंच ओपन १९९१पासून बहुतेक वर्षं याच कोर्सवर होत आली होती. टॉमी फ्लीटवूड २०१७ साली ती इथं जिंकला होता, अलेक्स नोरेन २०१८ साली. दोघेही संघात. फ्रान्चेस्को मोलिनारी इथं आधी उपविजेता ठरलेला. फ्लीटवूड-मोलिनारी जोडीने चारपैकी चार सामने जिंकले आणि मोलिनारीने रविवारी फिल मिकलसनला १६व्या होलवर, म्हणजे पाण्यावरून मारायच्या त्या पार-तीनवर (तीन फटक्यांत पुरा करायच्या होलवर) हरवून कप निश्चित केला. मिकलसनचा चेंडू पाण्यात गेला होता. अमेरिकन संघातून त्या वर्षीची फ्रेंच ओपन खेळायला आला होता तो एकटा जस्टिन थॉमस. त्या संघातला सर्वांत यशस्वी अमेरिकनही तोच ठरला. एका माणसावरून सिद्धांत मांडू नये हे खरं, पण दुर्लक्ष करावं असाही हा योगायोग नाही.

रोमजवळच्या मार्को सिमोनेवर २०२३ साली पुन्हा तेच. तिथं २०२१ ते २०२३ अशी तीन वर्षं इटालियन ओपन भरली. पहिली निकोलाय होयगार्डने जिंकली, दुसरी रॉबर्ट मॅकिन्टायरने, आणि दोघेही रायडर कपच्या संघात होते. अमेरिकन बहुतेक पाच आठवडे स्पर्धात्मक गोल्फ न खेळता उतरले. युरोपचा कर्णधार ल्यूक डोनाल्डने दिवसाची सुरुवात फोरसमने केली. पहिल्या सकाळी युरोप ४–०.

फोरसम हा शब्द वारंवार येतो आहे, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तिथंच आहे. फोरसममध्ये दोघांत एकच चेंडू, फटके आळीपाळीने. एकाने विषम होलवर टी शॉट (पहिला फटका) मारायचा, दुसऱ्याने सम होलवर. एरवी खेळाडू ७० च्या आसपास फटके मारतो, इथं त्याच्या वाट्याला जेमतेम ३५ येतात. पट तर कधी कधी तीन-चार होल वाट्यालाच येत नाही. म्हणजे अनोळखी ग्रीनची गती हातात बसवायला जेवढे प्रयत्न लागतात, तेवढे मिळतच नाहीत. जोडीदाराने रफमध्ये घातलेला चेंडू आपल्याला काढायचा असतो. ज्याला कोर्स आधीपासून पाठ आहे त्याला ही तुटक लय कमी त्रास देते. शिवाय सम-विषमचं गणित कोर्सवर अवलंबून असतं. ले गोल्फ नॅशनलवर पार-तीनचे होल आहेत २, ८, ११ आणि १६, म्हणजे चारपैकी तीन सम. तिथं उत्तम आयर्न मारणाऱ्याला सम होल द्यायचे. दोघांच्या आवडीचे चेंडू वेगळे असतील तर कोणाचा वापरायचा हेही आधी ठरवावं लागतं, कारण चिपिंगला (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांना) दोन चेंडू सारखी फिरकी घेत नाहीत. ही तयारी महिनोन्‌महिने आधी करता येते, आणि कोर्स हाताशी असला की ती अचूक होते.

गेल्या सहा रायडर कपांतले फोरसमचे गुण बघा. २०१४ ग्लेनईगल्स: युरोप ७–१. २०१६ हेझलटाइन: अमेरिका ५½–२½. २०१८: युरोप ६–२. २०२१ व्हिसलिंग स्ट्रेट्स: अमेरिका ६–२. २०२३: युरोप ७–१. २०२५ बेथपेज: युरोप ६–२. सहाही वेळा फोरसम जिंकणाऱ्याने कप जिंकला, आणि पहिल्या पाच वेळा तो यजमान होता. फोरसमला २८ पैकी ८च गुण असतात, पण घरच्या फायद्याचा मोठा भाग त्या आठांत साठलेला आहे असं हे आकडे सांगतात.

आता बेथपेज. ब्लॅक कोर्स हा सरकारी मालकीचा, कुणालाही पैसे भरून खेळता येणारा, आणि अमेरिकेतल्या सर्वांत अवघड कोर्सपैकी एक. हा कोर्स फक्त अतिशय कुशल गोल्फरांसाठी आहे, असा इशारा देणारी पाटीच पहिल्या टीजवळ लावलेली आहे. २००२ आणि २००९चं यू.एस. ओपन इथंच झालं. या कोर्सचं सामर्थ्य म्हणजे दाट रफ. अमेरिकेचा कर्णधार कीगन ब्रॅडलीने ते कापून घेतलं. यामागचा विचार नवा नव्हता. आपले खेळाडू लांब मारतात, त्यांना मोकळं सोडा, बर्डींची (पारपेक्षा एक फटका कमी घेण्याची) शर्यत होऊ द्या. २०१६ आणि २०२१ साली अमेरिका साधारण अशाच विचाराने जिंकली होती. पण आठवड्यात पाऊस पडला, ग्रीन मऊ झाल्या, आणि रफ नसल्याने कुठूनही मारलेला चेंडू ध्वजाजवळ थांबू लागला. टीपासून ग्रीनपर्यंतचा फरक पुसला गेला आणि सामना उरला पटिंगचा. युरोपने त्या दोन दिवसांत अफाट पटिंग केलं. शनिवारअखेर ११½–४½. रविवारी अमेरिकेने सिंगल्समध्ये ८½ गुण मिळवले, तरी खड्डा भरला नाही. कोर्सची मांडणी चुकली हे ब्रॅडलीने नंतर जाहीरपणे मान्य केलं. ते मोठ्या मनाचं होतं.

क्रिकेट पाहणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. २०२४च्या अखेरीस न्यूझीलंडविरुद्ध पुण्यात आणि वानखेडेवर फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्या मिळाल्या आणि मिचेल सँटनरने पुण्यात १३, मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलने वानखेडेवर ११ बळी घेतले. भारताने मालिका ०–३ गमावली. यजमान मैदान स्वतःच्या बलस्थानासाठी घडवतो, पण पाहुण्याकडेही तेच बळ असेल तर घडवलेलं मैदान पाहुण्याचं होतं.

प्रेक्षकांचं काय, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. त्यांचा परिणाम शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या टीवर उभं राहणं कठीण असतंच. पण गर्दीसाठी तयारी करता येते, अनोळखी गवतासाठी फारशी येत नाही. बेथपेजआधी डोनाल्डने खेळाडूंना आभासी वास्तवाचे हेडसेट देऊन शिवीगाळ ऐकवली होती. हॉटेलच्या खोल्यांतला शांपू बदलला, दाराखालून येणारा उजेड कापड लावून बंद केला. आणि संघ? रोममधल्या १२ पैकी ११ जण तेच. बदल एवढाच की निकोलाय होयगार्डऐवजी त्याचा जुळा भाऊ रास्मुस आला. महिलांच्या सोल्हाइम कपमध्ये याहून ठळक उदाहरण आहे. २०२१ साली ओहायोतल्या इन्व्हरनेसवर कोविडच्या प्रवासबंदीमुळे युरोपातून चाहते येऊच शकले नाहीत. गर्दी जवळजवळ सगळी अमेरिकन. युरोप १५–१३ जिंकला. त्याच महिन्यात पुरुषांचा संघ व्हिसलिंग स्ट्रेट्सवर तशाच परिस्थितीत १९–९ असा चिरडला गेला. गर्दी दोन्हीकडे सारखीच एकतर्फी, निकाल दोन टोकांचे.

घरचे प्रेक्षक कधी कधी ओझंही होतात. २०१५चा प्रेसिडेंट्स कप (अमेरिका विरुद्ध युरोपबाहेरच्या देशांचा आंतरराष्ट्रीय संघ) दक्षिण कोरियात, इंचॉनजवळच्या सोंगदोमध्ये झाला. शेवटच्या सामन्यात कोरियाचा बे सांग-मून स्वतःच्या लोकांसमोर १८व्या होलवर होता आणि त्याची चिप निम्म्यातच मेली. त्याआधी पुण्यात जन्मलेला आपला अनिर्बान लाहिरी, या स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय, ख्रिस कर्कविरुद्ध १८व्याच होलवर जेमतेम चार फुटांचा पट चुकला होता. कर्कने त्याच्याआधी पंधरा फुटांवरून पट टाकला होता. अमेरिका १५½–१४½. लाहिरीच्या त्या एका पटावर आजही बोललं जातं, हे मला अन्यायाचं वाटतं. चार दिवसांच्या तीस सामन्यांचा भार एका फटक्यावर टाकता येत नाही.

प्रेसिडेंट्स कपचा एकूण हिशेब १५ स्पर्धांत अमेरिका १३, एक बरोबरी, आणि १९९८ साली रॉयल मेलबर्नवर आंतरराष्ट्रीय संघाचा एकमेव विजय, २०½–११½. हा संघ घरी का जिंकत नाही? कारण त्याला घरच नाही. माँट्रियलमध्ये सामना असेल तर दोन-तीन कॅनेडियन सोडून बाकी कोरियन, ऑस्ट्रेलियन, दक्षिण आफ्रिकी, जपानी. त्यांना तो कोर्स अमेरिकनांइतकाच परका. मेलबर्न अपवाद ठरलं. तिथली वाळवट जमीन आणि दगडासारख्या कडक ग्रीन अमेरिकेत सहसा सापडत नाहीत. २०१९ साली तिथंच आंतरराष्ट्रीय संघ १६–१४ इतका जवळ आला. अंतर होतं तिथं फायदा दिसला.

भारतातलं एक उदाहरण या चर्चेत नेहमी राहून जातं. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांत गोल्फ पहिल्यांदाच आला आणि भारताने सांघिक सुवर्ण जिंकलं. लक्ष्मण सिंगला वैयक्तिक सुवर्ण, राजीव मोहताला रौप्य. कोर्स होता दिल्ली गोल्फ क्लबचा. फेअरवे चिंचोळे, आणि दोन्ही बाजूंना इतकी काटेरी झुडपं की आत गेलेला चेंडू सापडला तरी खेळता येत नाही. दंड घ्यायचा आणि बाहेर यायचं. तिथं वाढलेला खेळाडू अनेक होलवर ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) बॅगेतच ठेवतो आणि टीवरून आयर्न मारतो. पाहुण्याला हे सांगून पटतं, पण पंधराव्या होलवर दोन फटके मागे असताना हात ड्रायव्हरकडेच जातो. पुढे २००६ला दोहात आणि २०१०ला ग्वांगझूत भारताला सांघिक रौप्य मिळालं. सांघिक सुवर्ण मात्र दिल्लीतलंच.

एक इशारा द्यायलाच हवा. ताकदीत मोठी तफावत असेल तर घर काही वाचवत नाही. १९२७ ते १९३३ हे पहिले चार रायडर कप यजमानांनीच जिंकले. त्यानंतर १९८३पर्यंत ब्रिटन, आणि १९७९पासून युरोप, फक्त एकदा जिंकला, १९५७ साली लिंड्रिकवर. १९६९ला बरोबरी झाली. निम्मे सामने त्यांच्याच घरी होते. गवताचा फायदा एक-दोन गुणांचा असतो, आणि दोन संघ तेवढ्या अंतरात असतील तेव्हाच तो निकाल फिरवतो. १९८५नंतर ६ रायडर कप १४½–१३½ असे सुटले. त्यांतले ४ यजमानांना मिळाले.

पुढचा रायडर कप सप्टेंबर २०२७ मध्ये आयर्लंडमधल्या अडेर मॅनरवर आहे, पहिल्या सामन्याला १०० वर्षं होतील तेव्हा. आणि हा कोर्स युरोपला अडचणीचा ठरू शकतो. अमेरिकन रचनाकार टॉम फॅझिओने तो नव्याने घडवला, २०१८ साली तो पुन्हा उघडला. रुंद फेअरवे, रफ जवळजवळ नाही, ग्रीन गुळगुळीत आणि वेगवान. अमेरिकन खेळाडूला इथं परकं वाटण्यासारखं फार थोडं आहे. शिवाय २०२२च्या जुलैमध्ये तिथं झालेल्या प्रो-अ‍ॅमला (व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंच्या एकत्र स्पर्धेला) टायगर वुड्ससह अमेरिकेचे कित्येक आघाडीचे खेळाडू आले होते आणि झँडर शॉफेलीने ती जिंकली. रफ दाट करायचं तर एका आठवड्यात होत नाही. वसंतापासून खत, पाणी आणि कापणीची उंची यांचं वेळापत्रक बदलावं लागतं, फेअरवेच्या कडा आत आणून तिथलं गवत वाढू द्यावं लागतं. मालकाला आपला देखणा कोर्स असा बदलू द्यायला राजी करणं हे युरोपच्या कर्णधाराचं पहिलं काम राहील. लांब मारणाऱ्यांचे ड्राइव्ह जिथं पडतात तिथं, म्हणजे टीपासून ३०० यार्डांच्या पुढे, फेअरवे २५ यार्डांपर्यंत आवळले आणि ग्रीन ११ फुटांच्या आत ठेवल्या, तर युरोपला मी पसंती देईन. कोर्स आज आहे तसाच राहिला तर नाही.